बागेत रोज फेऱ्या मारूनही डोकं शांत होत नाही, ते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरात राहणारे ४३ वर्षांचे गृहस्थ, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे हिशेब सांभाळतात. जीएसटीच्या तारखा जवळ आल्या की रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप नाही, मान आखडलेली, घरात चिडचिड. रक्तदाब १३६/८८ च्या आसपास. डॉक्टर म्हणाले, औषध आत्ताच नको, रोज सकाळी बागेत जा, झाडांत वेळ घालवा. महिनाभर गेले, फरक शून्य. आता विचारतात की हे निसर्गाचं प्रकरण खरं आहे की नुसतं बोलायला बरं? आणि खरं असेल तर नेमकं किती वेळ, कुठे, कसं?

खरं आहे. पण तुम्ही जो दिनक्रम लिहिलाय, त्यातच फरक न पडण्याचं कारण आहे. साडेआठला बागेत, मनगटावरच्या घड्याळात पावलांचं टार्गेट, सोबत ऑफिसचेच दोघे, ट्रॅकवर झपाझप पाच राउंड, मधे कारखान्याच्या ग्रुपवर उत्तरं, पंधराव्या मिनिटाला गेटवर चहा. हा व्यायाम झाला, आणि व्यायाम म्हणून तो उत्तमच आहे, बंद करू नका. मात्र डॉक्टरांनी ज्यासाठी झाडांत पाठवलं, ते घडायला यात जागाच उरलेली नाही.

माणसाचं लक्ष दोन तऱ्हेने लागतं. हिशेब जुळवताना ते ओढून धरावं लागतं. शेजारी फोन वाजतोय, कोणी हाक मारतंय, तरी नजर आकड्यावरून हलू द्यायची नाही. असं दिवसभर धरून ठेवलेलं लक्ष संध्याकाळपर्यंत थकतं. ते थकलं की माणूस चुका करतो, साध्या गोष्टी ठरवणं जड जातं आणि घरच्यांवर आवाज चढतो. दुसऱ्या तऱ्हेचं लक्ष आपोआप लागतं, तेही हलकेच. पानं हलतात, पाण्यावर ऊन चमकतं, खारूताई फांदीवरून पळते. बघितलं तर बरं वाटतं, नाही बघितलं तरी काही बिघडत नाही. हे हलकं लक्ष चालू असतं तेवढा वेळ पहिल्याला विश्रांती मिळते. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या संशोधक दांपत्याची ही मांडणी आज या विषयाचा पाया मानली जाते. मोबाईलवरचे रील्सही लक्ष आपोआप खेचतात, पण इतक्या जोरात की मधे श्वास घ्यायलाही जागा ठेवत नाहीत. म्हणून अर्धा तास स्क्रोल करून कोणी ताजंतवानं होत नाही. तुमच्या घड्याळातली पावलं, ग्रुपवरची उत्तरं, सहकाऱ्याबरोबरची उधारीची चर्चा, हे सगळं ओढून धरलेल्या लक्षाचंच काम आहे. जागा बदलली, काम तेच राहिलं.

दुसरी गोष्ट म्हणजे विचारांचं रवंथ. रात्री दोनपर्यंत जागवतं ते हेच: तोच विचार, तीच भीती, पुन्हा पहिल्यापासून. स्टॅनफर्डमधल्या ग्रेगरी ब्रॅटमन यांच्या गटाने २०१५ मध्ये ३८ जणांना ९० मिनिटं चालवलं, काहींना गवताळ, झाडी असलेल्या भागात आणि काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने. झाडीतून आलेल्यांचं रवंथ कमी झालं आणि मेंदूचा त्याच्याशी जोडलेला एक भागही शांत झालेला दिसला. रस्त्यावर चाललेल्यांमध्ये तसं झालं नाही. चालणं दोघांचंही सारखंच होतं, हा यातला मुद्दा.

आता किती वेळ? मिशिगन विद्यापीठातल्या मेरीकॅरल हंटर यांच्या गटाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३६ शहरी माणसं आठ आठवडे, आठवड्यातून निदान तीनदा, निदान दहा मिनिटं निसर्गात जात होती. आधी आणि नंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. हे ताणाचं संप्रेरक उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत वर असतं आणि पुढे दिवसभर आपोआप उतरतं. ती नैसर्गिक उतरण वजा करूनच परिणाम काढला होता. (तुम्हाला हे लगेच पटेल. घसारा वगळल्याशिवाय नफा सांगता येत नाही.) घट सर्वांत वेगाने झाली ती २० ते ३० मिनिटं बाहेर राहिल्यावर. त्यापुढे फायदा वाढत राहतो, पण हळूहळू. प्रयोगाच्या अटी बघा: दिवसाउजेडी जायचं, फोन नाही, गप्पा नाहीत, वाचन नाही, दमवणारा व्यायाम नाही. तुमच्या महिन्यात यातल्या जवळजवळ सगळ्या अटी मोडल्या गेल्या, आणि वेळही पंधरा मिनिटांवरच थांबला.

आठवड्याचा आकडा दुसऱ्या अभ्यासातून येतो. तोही २०१९ चाच. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीत, आठवड्याला १२० मिनिटं किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणारे स्वतःची तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं अधिक प्रमाणात सांगत होते. दोन तास एकदम की तुकड्यातुकड्यांत, याने फरक पडला नाही. घरची बाग त्यात मोजलेली नव्हती. मात्र ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे. ज्याची तब्येत बरी तोच जास्त बाहेर पडतो, असंही असू शकतं. हंटर यांचा प्रयोगही लहानच होता. तेव्हा १२० हा आकडा पाटीवर कोरून ठेवू नका. आठवड्यात चार वेळा अर्धा-अर्धा तास, एवढं धरून चाला. उरलेल्या दिवशी व्यायामाचे राउंड खुशाल मारा, मित्रांबरोबर मारा, पण ते वेगळ्या खात्यात टाका.

अर्धा तास कसा वापरायचा, हा खरा मजकूर आहे, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

गेटमधून आत शिरण्याआधी फोन सायलेंट करून खिशात नव्हे तर पिशवीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवा. खिशातला फोन थरथरला नाही तरी थरथरल्याचा भास होतो, आणि हात तिकडे जातो. घरी एवढंच सांगून या की अर्धा तास फोन लागणार नाही. साध्या घड्याळात २५ मिनिटांचा एकच अलार्म लावा, म्हणजे वेळ बघत बसावं लागणार नाही. पावलं मोजणारं घड्याळ त्या दिवशी घरीच राहू दे.

पहिली आठ-दहा मिनिटं रमतगमत चाला. वेग इतका कमी की नाकाने सहज श्वास घेता येईल, घाम येणार नाही. ट्रॅकच्या बाहेरच्या कडेने, झाडांजवळून चला; मधून चाललात तर मागून जोरात येणाऱ्यांना वाट देण्यातच लक्ष जातं. या वेळात डोक्यात ऑफिस चालूच राहणार. राहू दे. ते हाकलायला गेलात तर तेही एक काम होऊन बसतं.

मग एका ठरलेल्या जागी बसा. रोज नवी जागा शोधू नका. एकच झाड, एकच बाकडं किंवा कट्टा पकडा. ओळखीच्या जागी मेंदू टेहळणी लवकर थांबवतो, आणि तेच झाड रोज पाहिलं की त्यातले बदल दिसायला लागतात. बसताना पाठीमागे भिंत किंवा झाडाचा बुंधा हवा, समोर मोकळं. पाठीमागून रहदारी असेल तर मान आणि खांदे सैल पडत नाहीत. तुमची मान आखडते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. उन्हाची दिशाही बघून घ्या, सकाळी पूर्वेकडे तोंड केलं की डोळे किलकिले करून कपाळ दुखतं.

बसल्यावर नजर आधी लांब न्या, दिसतं तेवढं लांब, आणि तिथे मिनिटभर ठेवा. दिवसभर हातभर अंतरावरच्या स्क्रीनवर खिळलेले डोळे जवळचं बघण्यासाठी आतून आवळलेले असतात. लांब पाहिलं की ते स्नायू सैल होतात. मग झाडाच्या शेंड्यावर, मग फांद्यांवर, मग पायाजवळच्या मातीवर. एका जागेवर डोळे रोखून धरायचे नाहीत. त्यानंतर कान. लांबचा आवाज कुठला, जवळचा कुठला, एवढं फक्त ओळखायचं. विजापूर रोडचे हॉर्न ऐकू येतीलच, तेही त्यात धरा. शेवटी तीन-चार मिनिटं श्वास: नाकाने सावकाश आत, मनात चारपर्यंत, सावकाश बाहेर, सहापर्यंत. बाहेर सोडणं लांब ठेवलं की हृदयाचे ठोके मंदावतात. छाती भरून, जोर लावून श्वास घेऊ नका, त्याने उलट चक्कर येते. दम्याचा त्रास असेल किंवा आकडे मोजताना धाप लागल्यासारखं वाटलं तर मोजणं सोडून द्या.

बसल्यापासून सहाव्या ते दहाव्या मिनिटाला बहुतेकांना कंटाळा येतो आणि हात फोनकडे जातो. काहीच घडत नाही, आपण वेळ फुकट घालवतोय असं वाटतं. लोक इथेच उठतात, आणि इथेच सारं फिसकटतं. ही अस्वस्थता म्हणजे सतत काहीतरी करत राहण्याची सवय सुटतानाचा त्रास आहे, दोन-तीन आठवड्यांत कमी होतो. एक वेगळी गोष्ट मात्र ओळखायला हवी: काहींचं रवंथ शांत बसल्यावर वाढतं, छाती धडधडायला लागते. अशांनी बसण्याचा हट्ट करू नये. पूर्ण वेळ सावकाश चालावं आणि नजरेला हलकंसं काम द्यावं, जसं की हिरव्या रंगाच्या पाच छटा शोधणं किंवा एकाच झाडाची कोवळी आणि जून पानं वेगळी ओळखणं.

बघायचं काय, असं अनेक जण विचारतात, कारण सोलापुरात कसला निसर्ग, हे सोलापूरकरांनीच ठरवून टाकलंय. जपानच्या वनखात्याने १९८२ पासून जंगलात निवांत फिरण्याचा जो प्रचार केला, त्यातली देवदाराची, सायप्रसची रानं इथे नाहीत, हे खरं. तिथल्या झाडांच्या गंधाबद्दलचे दावे आपल्या कडुनिंबाला जसेच्या तसे चिकटवूही नयेत. पण हलकं लक्ष लागायला घनदाट जंगल लागत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब पानं झाडतो आणि तांबूस कोवळी पालवी येते, पाठोपाठ बारीक पांढरा मोहर, त्याचा वास संध्याकाळी जास्त येतो. त्याच दिवसांत तांबट नावाचा छोटा हिरवा पक्षी भर उन्हात टुक-टुक-टुक करत असतो. आवाज सगळीकडून आल्यासारखा वाटतो, पक्षी शोधण्यात दहा मिनिटं कशी जातात कळत नाही. एप्रिल-मेमध्ये बहावा आणि गुलमोहर. वेडा राघू तारेवरून झेप घेतो, किडा पकडतो आणि बहुधा त्याच जागी परत येऊन बसतो. हे बघायला कुठलंही ज्ञान लागत नाही. चिंचेची आणि मोठ्या पर्जन्यवृक्षाची पानं सूर्य मावळताना मिटतात, संध्याकाळी जाणाऱ्यांनी तेवढं बघावं. तळ्याच्या काठाला ढोकरी, म्हणजे मातकट रंगाचा छोटा बगळा, कितीतरी वेळ पायाची जागा न बदलता उभी असते. नावं माहीत नसली तरी चालतं. नावं पाठ करण्याच्या, यादी वाढवण्याच्या मागे लागलात तर तेही टार्गेटच झालं.

जागेचं म्हणाल तर तुमच्यासाठी विजापूर रोडच सोयीचा. धर्मवीर संभाजी तलाव, म्हणजे आपला कंबर तलाव, आणि जवळचं स्मृती उद्यान इथे पाणी आणि झाडी दोन्ही मिळतं. त्याच बाजूच्या सिद्धेश्वर वनविहारात झाडी जास्त, बांधकाम कमी. तलावात जलपर्णी माजली की वास आणि डास दोन्ही वाढतात. तेवढे आठवडे पाण्यापासून लांब, झाडांच्या बाजूला बसा. शहराच्या मध्यभागी राहणाऱ्यांना सिद्धेश्वर तलावाचा काठ आणि भुईकोट किल्ल्याचा परिसर आहे. जुनी तटबंदी, पाणी आणि मोठी झाडं एकत्र मिळणारी अशी जागा शहरात दुसरी नाही, पण सणावाराला आणि जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत तिथे शांतता शोधायला जाऊ नका. जत्रेचा आनंद वेगळा आहे, तो जरूर घ्या. पूर्व भागात दाट वस्ती, मोठी बाग जवळ नाही. तिथे शाळेच्या मैदानातला किंवा देवळाच्या आवारातला एखादा मोठा वड-पिंपळ निवडलेला बरा, लांबच्या सुंदर बागेच्या बेतापेक्षा. नियम सोपा ठेवा: घरापासून दहा-बारा मिनिटांच्या आत पोचता येईल तीच जागा. वीस मिनिटं ट्रॅफिकमधून गाडी चालवून बागेत पोचणारा माणूस तिसऱ्या आठवड्यात जाणं बंद करतो.

रविवारी वेळ असेल तर तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलाव. ब्रिटिश काळात बांधलेला हा जलाशय हिवाळ्यात पाणपक्ष्यांनी गजबजतो. वारकरी नावाचे काळे, पांढऱ्या कपाळाचे पक्षी थव्याने पोहताना दिसतात. काठावर सावली कमी, म्हणून टोपी हवीच. आणि बार्शी रस्त्यावर वीसेक किलोमीटरवरचं नान्नजचं माळढोक अभयारण्य. १९७९ मध्ये घोषित झालेला हा गवताळ माळ. माळढोक दिसेल या आशेने जाऊ नका, तो पक्षी आता अतिशय दुर्मीळ झालाय. काळवीट, चंडोल आणि वाऱ्यावर डुलणारं गवत मात्र असतंच. बरेच जण याला ओसाड म्हणतात, पण थकलेल्या डोळ्यांना इतकी लांबवर अडथळा नसलेली नजर शहरात कुठेच मिळत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ निवडा, वनखात्याच्या नाक्यावर परवानगी आणि नियम विचारून घ्या, वाटा सोडून गवतात शिरू नका. गवतात जमिनीवर घरटी असतात, आणि घोणसही.

वेळ. बाकी सगळं जमलं आणि वेळ चुकली तर सोलापुरात हा प्रयोग फसतो. मे महिन्यात पारा ४२-४३ च्या घरात असतो आणि सूर्य सहाच्या थोडा आधीच उगवतो. तेव्हा मार्च ते मध्य जून उजाडल्यापासून सव्वासातपर्यंत हीच खिडकी. साडेआठला ऊन चटका देतं, आणि शरीर उष्णतेशी झगडत असताना हृदयाचे ठोके वाढलेलेच राहतात. ताण उतरावा कसा? उन्हाळ्यातली संध्याकाळ फसवी असते. सूर्य सातच्या सुमारास मावळतो, पण दिवसभर तापलेला काँक्रीटचा ट्रॅक आणि दगडी कट्टे पुढे तासभर तरी धग सोडत राहतात. संध्याकाळी जायचंच असेल तर माती आणि गवत असलेल्या भागात बसा. हिवाळ्यात सूर्य सातच्या आसपास उगवतो, म्हणून सात ते साडेआठ छान. पण कोणी पालापाचोळा पेटवला असेल तर थंड हवेत धूर जमिनीलगतच साचून राहतो, तेव्हा ती बाजू टाळा. सप्टेंबरच्या पावसात काळी माती चपलेला चिकटून पाय घसरतो, तळ पक्का असलेले बूट घाला. ऑक्टोबरच्या उन्हाला हलकं समजू नका.

उन्हाळ्यात निघण्याआधी ग्लासभर पाणी, सोबत अर्धा लिटर. पुढेमागे लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी सुरू झाली तर उन्हात चक्कर येण्याचा धोका जास्त, हे डॉक्टरांशी बोलून घ्या. घरात मधुमेहाचे कोणी सोबत येत असतील आणि त्यांना इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी असेल, तर अनशापोटी नेऊ नका. खिशात साखर किंवा गूळ असावा. डेंग्यूचे डास नेमके सूर्योदयानंतरच्या आणि सूर्यास्ताआधीच्या तासांत जास्त चावतात, म्हणून पूर्ण बाह्या. गाजर गवत माजलेल्या कोपऱ्यात बसू नका, अंगाला खाज आणि शिंका दोन्ही येतात. कुत्री अंगावर आली तर पळू नका. थांबा, नजर न भिडवता हळूहळू मागे सरका. चावा किंवा ओरखडा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही.

सोबत कोणी हवं की नको? बायकांच्या बाबतीत, आणि निर्मनुष्य जागी कोणाच्याही बाबतीत, एकटं जाणं शहाणपणाचं नाही. सतत मागे वळून बघावं लागलं तर फायदा तसाही होत नाही. दोघं जा, पण आधीच ठरवा: वीस मिनिटं कोणी बोलायचं नाही, गप्पा परतताना. ज्यांच्याशी रोज हिशेबाची चर्चा होते त्यांना या चार दिवसांत सोबत घेऊ नका. इयरफोनही नको, भजनासाठीसुद्धा नको. कान झाकले की पाखरांचा आवाज गेला, आणि मागून येणारी सायकलही ऐकू येत नाही.

एक गैरसमज मात्र काढून टाका. आज प्रसन्न वाटलं नाही म्हणजे आजचा अर्धा तास वाया गेला, असं नसतं. मार्क बर्मन आणि सहकाऱ्यांच्या २००८ मधल्या प्रयोगात झाडीतून तासभर चालून आलेल्यांची आकडे लक्षात ठेवण्याची क्षमता सुधारली, आणि कडाक्याच्या थंडीत ज्यांना ते फिरणं फारसं आवडलं नव्हतं त्यांचीही सुधारली. मजा येणं आणि लक्षाला विश्रांती मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२० तारखेच्या आसपास, रिटर्न भरायच्या दिवसांत, अर्धा तास निघणार नाही हे गृहीत धरूनच आखणी करा. त्या दिवसांत दहा-दहा मिनिटांचे दोन तुकडे करा. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या आवारातल्या झाडाखाली एक, परतताना एक. टेबल खिडकीकडे वळवता आलं तर वळवून घ्या. रॉजर उल्रिच यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा खिडकीतून झाडं दिसणाऱ्यांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा तीव्र वेदनाशामकं कमी लागली आणि ते लवकर घरी गेले. नुसतं दिसणंही थोडंफार काम करतं. हीच गोष्ट मागावर दिवसभर खडखडाटात उभं राहणाऱ्यांना आणि सुपावर मान घालून विड्या वळणाऱ्या बायकांनाही लागू आहे. पहिल्यांना आधी कानाची विश्रांती हवी, म्हणून रस्त्यापासून आत असलेली जागा. दुसऱ्यांनी तासातासाला उठून दारातल्या झाडाकडे दोन मिनिटं मान वर करून पाहावं, तेवढाच मानेला आणि डोळ्यांना आराम.

घरच्या गॅलरीचं थोडक्यात. पाणी दिवसांआड येणाऱ्या शहरात दहा कुंड्यांचा हौसेचा संसार स्वतःच ताण होतो. चार कुंड्या पुरेत: सदाफुली, कोरफड, गवती चहा, मोगरा. बारा इंची कुंडी, दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट. उन्हाळ्यात वर ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी. बोअरच्या जड पाण्याने मातीवर पांढरा थर येतो, तो खरवडून काढा. पक्ष्यांसाठी मातीचं पसरट भांडं, पाणी दोन इंचांपेक्षा खोल नको, रोज बदलायचं, नाहीतर डासांची पैदास. हे सगळं बागेला पूरक आहे, बागेऐवजी नव्हे.

फरक पडतोय का ते अंदाजाने ठरवू नका, वही घाला. जाण्याआधी आणि आल्यावर ताण ० ते १० मध्ये किती, रात्री अंथरुणावर पडल्यापासून झोप लागायला अंदाजे किती वेळ लागला, एवढंच. रक्तदाब आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, पाच मिनिटं शांत बसून, चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ देऊन; बागेतून आल्या आल्या नाही. सुरुवात बहुधा घरच्यांच्या लक्षात आधी येते, चिडचिड कमी होते. झोप त्यामागून. रक्तदाबाकडून फार अपेक्षा ठेवू नका. तो मीठ, वजन आणि झोप यांनी जास्त हलतो, आणि डॉक्टरांनी पुढे गोळी दिली तर बाग चालू आहे म्हणून ती टाळायची नाही.

चार आठवड्यांनी वहीत काहीच हललं नसेल तर आधी वेळ बदला, मग जागा, आणि आणखी दोन आठवडे बघा. पण उदासी किंवा कशातच रस नसणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप लागेनाशी झाली, झोपेसाठी दारू लागायला लागली, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येऊ लागले, तर चार आठवडे थांबू नका. तो बागेने सुटणारा ताण नव्हे, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. छातीत दुखणं, डाव्या हातात कळ किंवा घाम फुटून धाप लागणं यांना ताण समजून बाकड्यावर बसून राहू नका, सरळ रुग्णालय गाठा.